चौथ्या प्रकरणाचा वाचक

सरांचं पुस्तक काचेच्या कपाटात होतं आणि मॅडमचं पुस्तक सगळीकडे होतं. सरांच्या पोटात दुखायचं कारण एवढंच. बाकी मग तत्त्व, दर्जा, विद्वत्तेची परंपरा वगैरे जे काही ते बोलायचे, ती नंतरची सजावट.

नवरा-बायको एकाच विद्यापीठात शिकवायचे. ते प्रशासनाचा इतिहास, त्या समाजशास्त्र. त्यामुळे शेजारपाजारी, किराणावाला, इस्त्रीवाला सगळे त्यांना सर आणि मॅडमच म्हणायचे. मॅडमची धाकटी बहीणसुद्धा "सर, चहा ठेवू का?" असंच विचारायची, आणि सरांना ते आवडायचं. मेहुणीनं भावोजी म्हटलं तर माणूस नुसता नातेवाईक होतो. सर म्हटलं की घरातसुद्धा थोडा वर्ग भरल्यासारखा वाटतो.

सरांनी ऐन उमेदीची वर्षं घालून नगरपालिकेच्या कारभाराचा जाडजूड इतिहास लिहिला होता. नाव काढलं की माणसं खुर्चीत सरळ बसतात अशा प्रकाशनानं तो छापला. मरून रंगाची कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. किंमत अशी की ओळखीचे लोक आधी अभिनंदन करायचे आणि मग विषय बदलायचे. विभागातली प्रत काचेच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ज्या कारकुनाकडे होती तो कायम जेवायला गेलेला असायचा. ग्रंथपाल भेटले की कौतुकानं सांगायचे, "सर, तुमचं पुस्तक अजून अगदी नवंकोरं आहे हं." सर हसून मान हलवायचे. मेहुणीलाही सरांनी सही करून एक प्रत दिली होती. तिच्या बैठकीच्या खोलीतला टेबललॅम्प जरा बुटका होता, तो तेव्हापासून बरोबर उंचीवर आला.

त्या पुस्तकाची सगळी प्रुफं मॅडमनी तपासली होती. एक अख्खी सुट्टी जेवणाच्या टेबलावर लाल पेन घेऊन. प्रस्तावनेत त्यांचे आभार होते, टंकलेखकाच्या नंतर आणि बाइंडरच्या आधी.

मॅडमचा विषय होता रांग. माणसं रांगेत कशी उभी राहतात, मध्ये कोण घुसतं, कोणाला घुसू देतात, दुसऱ्याचा नंबर कोण राखतं. त्यासाठी त्या वर्षानुवर्षं दवाखान्यात, तिकीट खिडकीसमोर, पाण्याच्या टँकरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. स्वतःला काहीही नको असताना रांगेत उभी राहणारी ही बाई पाहून लोक आधी चक्रावायचे आणि मग तिलाच पिशवी सांभाळायला सांगून चहाला जायचे.

"रांगेत कसलं आलंय संशोधन?" सर म्हणायचे. "उभं राहायचं, नंबर आला की पुढं सरकायचं."

"तुम्ही कुठं उभे राहता? तुमची बिलंसुद्धा मीच भरते," मॅडम म्हणायच्या आणि विषय तिथंच मिटायचा.

हस्तलिखित पुरं झालं तेव्हा सरांनी मोठ्या मनानं आपल्या प्रकाशकाला चिठ्ठी द्यायची तयारी दाखवली. मॅडम म्हणाल्या, नको, मी आपल्या विद्यापीठाच्याच प्रकाशन विभागात देतेय. तो विभाग सायकल स्टँडच्या मागे दोन खोल्यांत होता. तिथल्या संपादिकेचा चष्मा डोळ्यांपेक्षा डोक्यावरच जास्त असायचा, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे. हा विभाग हस्तलिखित आधी दोन तज्ज्ञांकडं पाठवायचा. लेखक कोण हे तज्ज्ञांना कळायचं नाही आणि तज्ज्ञ कोण हे लेखकाला. ते पास करतील तेव्हाच पुस्तक निघायचं, आणि निघालं की सरळ इंटरनेटवर. कुणीही उघडावं, वाचावं, उतरवून घ्यावं, पैसे नाहीत. कागदावर हवं असेल त्यालाच छापून मिळायचं.

"फुकट?" सरांनी टोस्ट खाली ठेवला. "फुकट वाटतात त्याला पुस्तक नाही म्हणत. पत्रक म्हणतात."

"पत्रक लोक वाचतात तरी," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात काही खोच नव्हती, आणि तेच सरांना जास्त लागलं.

दोन तज्ज्ञांपैकी एकानं पाठ थोपटली, दुसऱ्यानं दोन प्रकरणं पुन्हा लिहायला लावली. मॅडमनी ती मुकाट्यानं पुन्हा लिहिली. पूर्वी अशा वेळी त्या शंका घेऊन सरांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहायच्या आणि सर हातातलं काम संपेपर्यंत त्यांना उभं ठेवायचे. या वेळी त्या आल्या नाहीत. सरांच्या ते लक्षात आलं, पण तेव्हा त्यांना वाटलं की बरं झालं, वेळ वाचला.

पुस्तक निघालं त्या दिवशी काहीच झालं नाही. मॅडमनी फोनवरून सगळ्यांना एक लिंक पाठवली, बस्स. संध्याकाळी मेहुणीचा फोन आला. सर शेजारीच बसले होते, आणि मेहुणीचा आवाज मुळात असा की तिला फोनची गरजच नव्हती.

"ताई, मी दाताच्या डॉक्टरकडं बसले होते गं. ते चपलांचं प्रकरण वाचून एवढी हसले की लोकांना वाटलं, भूल द्यायच्या आधीच हिला चढली. तो म्हातारा खरंच चपला ठेवून घरी जेवून यायचा?"

"खरंच. आणि त्याच्या चपला पुढच्या-मागच्यांनी बरोबर पुढं सरकवलेल्या असायच्या."

"आणि ताई, एवढं कळतं गं सगळं. मला वाटलं होतं सरांच्या पुस्तकासारखं असेल."

सर उठून गॅलरीत गेले आणि तिथल्या कुंड्यांना पाणी घालू लागले. मॅडमनी सकाळीच घातलं होतं, ते खालच्या मजल्यावर गळू लागलं.

मग पत्रं यायला लागली. कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका नर्सनं लिहिलं की तिसरं प्रकरण वाचून आम्ही आमच्या बाकांची जागा बदलली. एका बस कंडक्टरनं स्वतःचे अनुभव पाठवले. मॅडम जेवताना हे सगळं सांगायच्या आणि सर "वा, वा" म्हणायचे. तोंडानं वा म्हणताना आत काय चाललंय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. जळत होतं. या घरात विद्वान एकच, हे ठरून गेलेलं होतं. कुणी ठरवलं असं नव्हे, पण सोफ्यावरच्या जागेसारखं, वर्तमानपत्राच्या पहिल्या घडीसारखं ते ठरलेलं होतं. आता ती जागा सरकत होती, आणि सरकवणारी बाई त्यांच्याच ताटात भाजी वाढत होती.

तेव्हा सरांनी ठरवलं की पुस्तक वाचायचं. वाचायचं म्हणजे चुका काढायच्या.

रोज सकाळी विभागात पोचलं की ते खोलीचं दार लावायचे, चहा टेबलावर ठेवायचे आणि बायकोचं पुस्तक उघडायचे. त्या साइटवर प्रत्येक प्रकरण वेगळं उतरवून घेता यायचं. सर चौथं प्रकरण घ्यायचे, ते चपलांचं आणि दवाखान्याच्या रांगेचं, कारण सगळे त्याचंच कौतुक करत होते. तासभर वाचायचे, आणि तासाला जायच्या आधी कॉम्प्युटरवरून पुसून टाकायचे. कुणी पाहिलं तर? दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरवून घ्यायचे, पुन्हा पुसायचे. लपूनछपून विड्या ओढणाराही एवढी काळजी घेत नसेल.

प्रत्येक प्रकरणाखाली वाचकांसाठी एक चौकट होती. त्यात लिहिलेला मजकूर चष्मेवालीकडं जायचा, ती तो लेखकाकडं पाठवायची आणि लेखकाचं उत्तर त्याच चौकटीत टाकायची. नाव घालायची सक्ती नव्हती. चूक दाखवली आणि लेखकाला पटली तर पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती निघायची आणि त्यात दाखवणाऱ्याचे आभार मानायची पद्धत होती. एका सकाळी सरांनी त्या चौकटीत लिहिलं: 'लेखिकेला रांगेत उभं राहायला भरपूर वेळ मिळालेला दिसतो. विचार करायला मिळालेला नाही. फावल्या वेळचं घरगुती निरीक्षण, यापलीकडं या प्रकरणात काही नाही.' खाली सही केली, एक वाचक. पाठवून दिलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांना सडकून भूक लागली.

संध्याकाळी मॅडमनी ते जेवणाच्या टेबलावरच वाचलं. सर आमटीच्या वाटीआडून बघत होते.

"एकानं जरा लागेल असं लिहिलंय," मॅडम म्हणाल्या.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, विचार नाही. घरगुती आहे म्हणतो."

"लोकांचं एवढं मनावर घेऊ नये," सर म्हणाले आणि मीठ मागितलं.

मॅडमनी मीठ दिलं. त्या रात्री त्या नीट जेवल्या नाहीत, हे सरांनी पाहिलं. त्यांना जरा वाईट वाटलं आणि जरा बरं वाटलं. बरं जास्त वाटलं.

पण मॅडमचं उत्तर आलं ते असं: 'विचार नेमका कुठं कमी पडला ते पानासकट दाखवाल तर माझ्यावर उपकार होतील. मला खरंच हवं आहे.' आता आली का पंचाईत! पान दाखवायचं तर प्रकरण नीट वाचायला हवं. सरांनी ते नीट वाचलं. पेन्सिल घेऊन, टिपणं काढून, जसं ते तिशीत वाचायचे तसं वाचलं. आणि हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की प्रकरण चांगलं आहे. नुसतं चांगलं नव्हे, फार चांगलं आहे. ती चपलांची जोडी ज्या पानावर पुढं सरकते त्या पानापाशी ते दर वेळी थांबायचे. असं पान आपल्या जाडजूड पुस्तकात एकही नाही हे त्यांना कळलं, आणि त्या दिवशी ते तासावर मुलांवर विनाकारण खेकसले.

तरी चूक एक होतीच. मॅडमनी लिहिलं होतं की दवाखान्यात नंबरचं टोकन सुरू झालं ते रुग्णांवरच्या दयेपोटी, त्यांना तिष्ठत उभं राहावं लागू नये म्हणून. सरांना खरं कारण ठाऊक होतं. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात, धुळीनं शिंका देत, त्यांनी एका जुन्या अधीक्षकाचा अहवाल वाचला होता. टोकन निघालं ते तपासणीला येणाऱ्या साहेबाला व्हरांडा मोकळा दिसावा म्हणून. माणसांना टोकन द्यायचं आणि कुंपणाबाहेर हाकलायचं. दया वगैरे काही नाही. सरांना राहवेना. ज्ञान दाखवायची संधी आणि बायकोला खाली पाडायची संधी एकाच चौकटीत आली होती. त्यांनी अहवालाचं साल, विषय, त्यातली दोन वाक्यं, सगळं लिहून पाठवलं. खाली, एक वाचक.

आणि तिथून सगळं बिघडलं, कारण मॅडम खूश झाल्या.

'मला इतकी वर्षं जे खटकत होतं त्याचं हे उत्तर आहे,' त्यांनी लिहिलं. 'दया कधीच पटत नव्हती. आता हे प्रकरण उभं राहिलं. आपण आणखी काय पाहिलंत ते सांगाल का?' पत्र लांबलचक होतं. त्यात शंका होत्या, थट्टा होती, एके ठिकाणी त्या चक्क भांडल्या होत्या. सरांनी उत्तर दिलं. मॅडमनी त्याला उत्तर दिलं. चष्मेवाली बिचारी मधल्यामध्ये टपाल वाहत राहिली. आणि रोज जेवताना मॅडम सांगू लागल्या, "आमचा वाचक काय म्हणतो माहितेय?" आणि सरांचीच वाक्यं, सरांनाच, अशा आवाजात म्हणून दाखवायच्या की सरांना तो आवाज ओळखीचा वाटायचा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतला आवाज होता तो.

"फार शहाणा दिसतो तुझा वाचक," सर म्हणायचे.

"फार. आणि किती बारकाईनं वाचतो! असा एक वाचक मिळाला ना, की लिहिण्याचं सार्थक होतं बघा."

माणसानं किती हेवा करावा याला काही मर्यादा असते. सरांनी ती ओलांडली. ते त्या वाचकावर जळायला लागले. बायको संध्याकाळी कॉम्प्युटरपाशी बसून गालातल्या गालात हसायची, आणि ते हसू आपल्याचसाठी आहे हे ठाऊक असूनही आपल्याला त्यातलं काही मिळत नाही, हे त्यांना सहन होईना. आरशातल्या माणसाला शिव्या द्यायच्या तरी कशा? त्यांनी चौकटीत मुद्दाम रुक्ष लिहून पाहिलं, तर मॅडमनी लिहिलं, 'आज आपली तब्येत बरी नाही का?' सरांना खरोखरच सर्दी झाली होती. घरात कुणी विचारलं नव्हतं. अर्थात घरात त्यांनी सांगितलंही नव्हतं.

अशात एकदा चष्मेवाली व्हरांड्यात भेटली. "सर, मॅडमचं चौथं प्रकरण सगळ्यांत जास्त उतरवून घेतलं जातंय," ती म्हणाली. "आणि गंमत म्हणजे आपल्याच विद्यापीठातून. रोज सकाळी, न चुकता. कुणीतरी भक्तच आहे."

सरांच्या डोळ्यांपुढं लगेच दाढी आला. दाढी म्हणजे समोरच्या विभागातले प्राध्यापक. सगळ्यांची पुस्तकं वाचल्यासारखा चेहरा करून एकही न वाचणारे, आणि मॅडमना बघितलं की हातातला चहा पुढं करणारे. मग चार सकाळी सर दाढीवर पाळत ठेवून राहिले. दाढी फोनमध्ये डोकं घालून बसलेला दिसला की सर मागून जायचे. फोनवर बुद्धिबळ असायचं. आणि नेमक्या त्याच चारही सकाळी, चष्मेवालीनं सांगितलं, भक्त आला नाही, विद्यापीठातला आकडा हलला नाही. पाचव्या दिवशी सरांनी खोलीत येऊन प्रकरण उतरवलं आणि सहज शेजारच्या, किती जणांनी उतरवलं त्या आकड्याकडं पाहिलं. तो त्यांच्या डोळ्यांदेखत एकानं वाढला. बायकोच्या पुस्तकाचा डंका त्यांनी स्वतःच्या हातानं, रोज सकाळी, दार लावून पिटला होता.

सुधारलेली आवृत्ती तयार झाली. टोकनचा भाग मॅडमनी नव्यानं लिहिला होता. त्या निमित्तानं प्रकाशन विभागानं छोटा कार्यक्रम ठेवला.

"त्या वाचकाचं नाव आवृत्तीत घालायचंय," मॅडम घरी म्हणाल्या. "चष्मेवालीनं चौकटीतून विचारलं. तो उत्तरच देत नाही."

"संकोची असेल," सर म्हणाले.

"असेल. पण ज्याचं त्याला मिळायला हवं ना?" मॅडमनी सरांकडं पाहिलं आणि त्या भांडी आवरायला उठल्या.

नाव सांगायचं म्हणजे ते पहिलं पत्रही आपलंच म्हणावं लागणार. सर गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्यानं जागा रिकामी राहिली, आणि रिकाम्या जागेत दाढी येऊन बसला. कुणीतरी स्टाफरूममध्ये म्हणालं, "मॅडमचा तो वाचक तुम्हीच असणार." दाढीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "वाचन ही माणसाची खाजगी बाब आहे." दोन दिवसांत साऱ्या इमारतीला माहीत झालं. लोक दाढीचं अभिनंदन करू लागले. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. टोकनचा अहवाल आपला, धूळ आपण खाल्ली, आणि मान या बुद्धिबळवाल्याला?

कार्यक्रमाला बरीच माणसं आली. मेहुणी पहिल्या रांगेत, सर मागच्या. मॅडम साधं बोलल्या, हसवत बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "एका माणसाचे आभार मानायचेत. त्यानं माझं चौथं प्रकरण असं वाचलं की मला ते पुन्हा लिहावं लागलं. त्याचं नाव मी घेणार नाही. त्यालाच घ्यावंसं वाटलं तर त्यानं घ्यावं."

सगळ्या माना दाढीकडं वळल्या. टाळ्या सुरू झाल्या. दाढी खुर्चीतून अर्धवट उठला, त्यानं छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

सर कधी उभे राहिले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. प्रामाणिकपणा वगैरे काही त्यांच्या मनात नव्हतं. त्यांना फक्त तो छातीवरचा हात बघवेना.

"तो वाचक मी आहे," सर म्हणाले.

टाळ्या थांबल्या. दाढीनं डोळे उघडले आणि तो बेतानं खाली बसला. मेहुणी मागं वळून तोंड उघडं ठेवून बघत राहिली. मॅडमनी चष्म्यावरून सरांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य असं नव्हतंच.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "बसा."

लोक हसले. सगळ्यांना वाटलं, काय गोड जोडपं आहे. चष्मेवालीनं तर डोळे पुसले. सरांना मात्र त्या 'बसा'मध्ये काय आहे ते कळलं होतं.

घरी मॅडमनी पर्स टेबलावर ठेवली. सर चपला न काढता दारातच उभे होते.

"केव्हापासून माहीत होतं?"

"टोकनच्या अहवालापासून," मॅडम म्हणाल्या. "तो अहवाल जगात एकाच पुस्तकात आहे हो. तिसरं प्रकरण, तळटीप. आणि ते पुस्तक आजवर दोनच माणसांनी पूर्ण वाचलंय. एकानं लिहिलं आणि एकीनं प्रुफं तपासली. प्रकरण लिहिताना मलाही ती तळटीप आठवली नव्हती, तुमच्या पत्रातली ती दोन वाक्यं वाचली आणि आठवली."

पत्र लिहिताना सरांनी किती काळजी घेतली होती. नाव लपवलं, धाटणी बदलली, कॉम्प्युटर रोज पुसला. आणि आपली सगळ्यांत मोठी ओळख आपणच सालासकट लिहून दिली. कारण ती तळटीप कुणाच्या लक्षात असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही लिहायचं थांबला असतात." मॅडम खुर्चीवर बसल्या. "एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल तुम्ही माझ्याशी एवढं कधी बोलला नव्हतात. मला लोभ सुटला. वाटलं, चालू दे."

सरांना जरा धीर आला. ते एक पाऊल आत आले. "म्हणजे तुला राग नाही आला?"

"मग मी तुमचं पहिलं पत्र परत काढून वाचलं," मॅडम म्हणाल्या. "तोवर ते परक्याचं होतं. परक्याचं होतं तेव्हा एक रात्र जेवण गेलं नाही, एवढंच. तुमचं झालं तेव्हा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "घरगुती, म्हणालात. तुमची प्रुफं मी ज्या टेबलावर तपासली त्याच टेबलावर बसून तुम्ही मला वर म्हणालात, लोकांचं मनावर घेऊ नये. आणि मीठ मागितलंत."

सरांना काहीतरी बोलायचं होतं. हेवा वाटला, एवढं साधं वाक्य होतं. त्यांनी ते आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

"मला तुझा हेवा वाटला," शेवटी ते म्हणाले. "अजूनही वाटतो."

"ते माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "ते चालतं. हेवा मलाही वाटायचा तुमचा, प्रुफं तपासताना. तरी मी एक चूक राहू दिली नाही."

सुधारलेली आवृत्ती दुसऱ्या दिवशी साइटवर आली. सर विभागात गेले, चहा टेबलावर ठेवला, आणि या वेळी दार उघडंच ठेवलं. आभाराचं पान उघडलं. त्यात नर्सचं नाव होतं, कंडक्टरचं होतं, चष्मेवालीचं होतं. शेवटी लिहिलं होतं: 'आणि एका वाचकाचे, ज्याने माझी मोठी चूक सुधारली.' नाव नव्हतं. सरांनी ते पान दोनदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं.

"नाव घालणार होते मी," मॅडम भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "पण पहिल्या पत्राखाली तुम्ही घातलं नव्हतंत. म्हटलं, तुमच्याच मनासारखं राहू दे." मग थोड्या वेळानं, मान वर न करता म्हणाल्या, "पाचव्या प्रकरणात मला अजून शंका आहेत. कुणाला लिहायचं असेल तर लिहावं. खाली नाव असेल तर मी उत्तर देईन."

सकाळी सरांनी पाचवं प्रकरण उतरवून घेतलं. शेजारचा आकडा एकानं वाढला. वाचून झाल्यावर ते चौकटीपाशी आले आणि अडले. एक वाचक किती भराभर लिहायचा. कधी खवचट, कधी विद्वान, पण त्याचं कधी अडायचं नाही. स्वतःच्या नावाखाली मात्र सरांना एकही टोमणा सुचेना. दुसऱ्या पानावर एक शंका होती, ती लिहिली. मग तिच्या वर एक ओळ घातली: 'हे प्रकरण मला लिहिता आलं नसतं.' लिहिताना पोटात दुखायचं तसं दुखलंच. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं, आणि पाठवून दिलं.